उशिराचा केक

१२ सप्टेंबर
नवं सत्र, नवा गट. आमच्या कॉलेजात वर्गात बसणं कमी. गटानं एखाद्या कारखान्याचं खरं काम करायचं आणि परीक्षाही मिळून द्यायची. आम्ही तिघं: सिग्ने, आस्गर आणि मी. हिर्ट्सहाल्स बंदरातल्या मासळी कारखान्यासाठी लहान-मोठे मासे वेगळे करणारं यंत्र. मासा मोजणारा सेन्सर माझ्याकडे. नेता म्हणून मी माझंच नाव सुचवलं. सिग्ने म्हणाली, इथे कुणी कुणाचा साहेब नाही बाबा. बिचारी लाजते.
नियम ठरला: उशिरा येईल त्यानं केक आणायचा.

१३ सप्टेंबर
उशीर झाला. केक नेला. सगळे खूश. गटाचा उत्साह टिकवणं नेत्याचंच काम.

४ ऑक्टोबर
पुन्हा केक. बदामाचा. आस्गर म्हणाला, केक झकास आणतोस राव, सेन्सर कधी आणणार? मनातून मला फार मानतो. उद्या पहाटे पाचला उठणे. सेन्सर संपवणे.

५ ऑक्टोबर, सकाळी ११.२०
उठलो. बाहेर वारा काय सुटलाय! असल्या हवेत डोकं चालत नाही.

३ नोव्हेंबर
आमचे मार्गदर्शक प्रेबेन म्हणाले, गटात नाराजी आहे, बोलून घे. म्हटलं, काळजी नको, मी सांभाळतो दोघांना. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कौतुक असणार.

२१ नोव्हेंबर
कारखान्यात चाचणी. सेन्सर सकाळी बसमध्ये जोडला. पहिला मासा: मोठा. दुसरा: मोठा. सगळेच मोठे. फोरमन केल्डचा रबरी हातमोजा सरकत्या पट्ट्यावर पडला, तोही मोठा मासा. केल्ड म्हणाला, हा पण बर्फात घालून पाठवू का रे? माणूस विनोदी आहे, म्हणजे यंत्र आवडलं.
परतताना सिग्ने बसमध्ये रडली. दमली असेल. कालचा केक पुढे केला. घेतला नाही.

२८ नोव्हेंबर
आज चक्क वेळेवर पोचलो. दोघं आधीच बसलेले. आस्गर म्हणाला, कितीदा सांगितलं तुला, आता पुरे. सेन्सर आम्ही करतो, तू वेगळा हो. सिग्ने म्हणाली, तू वाईट नाहीस रे, पण आम्हाला पास व्हायचंय. मी म्हटलं, हरकत नाही. माझ्यासोबत काम करणं सगळ्यांना झेपत नाही.
घरी येऊन बूटही न काढता बसून राहिलो.

३० नोव्हेंबर
प्रेबेन म्हणाले, एकट्यानं प्रोजेक्ट केलेलं चालतं, पण जड जाईल. आणि कारखान्यात एकटं काम करतं कोण? म्हटलं, उलट बरं, भांडण नाही, रडारड नाही. नेता कोण हा प्रश्नही नाही.
एकट्याच्या गटाची पहिली बैठक उद्या सकाळी आठला. नियम जुनेच.

१ डिसेंबर, दुपारी १२
उशीर झाला. नियम म्हणजे नियम. केक आणला.
कापताना सवयीनं तीन तुकडे केले.