एक नंबरची प्रोसेस

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही मजेत. चष्म्याचं दुकान चालू आहे. लेन्स घासायचं नवं मशीन कुरकुरतं, पण काम करतं. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात का?

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणजे स्वारीला काहीतरी हवं असणार, असं म्हणशील. हवंच आहे. पण आधी ऐकून घे.

बाबा गेल्यावर तू फोनवर म्हणालीस, ‘त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर मला पत्र लिहिलंय, तेवढं पाठव.’ पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. मग मी लिनक्सला, म्हणजे तो कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमला, सुरू होतानाच सांगितलं, नेहमीचा पहिला प्रोग्राम राहू दे, नुसतं शेल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघड. उघडलं. मी पासवर्ड बदलला आणि सवयीने ‘एक्झिट’ टाइप केलं. झालं, स्क्रीनभर ‘कर्नल पॅनिक’, म्हणजे सिस्टिमच कोलमडल्याची सूचना. तुला कळवलं, सगळं गेलं.

काही गेलं नव्हतं गं. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा; तो आधी एकच प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्राम, सुरू करतो, एक नंबरची. मग बाकीच्यांना ती उठवते. एखादीला सुरू करणारी प्रोसेस मधेच संपली, तर त्या पोरक्या प्रोसेसलाही तीच पदरात घेते. त्या दिवशी एक नंबरवर माझं शेल होतं आणि तेच मी बंद केलं, म्हणून कर्नल घाबरून थांबला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं चालू केलं, तर कॉम्प्युटर ठणठणीत.

पत्रही होतं. पहिलीच ओळ: ‘दुकान तू घे, धाकट्याच्या हाती देऊ नकोस.’ माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं तिथे काचा घासल्या मी. फाइल बंद केली आणि तुला खरं सांगितलंच नाही.

गेल्या आठवड्यात धीर करून पुढचं वाचलं. ‘तो ऑर्डरी विसरतो, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो. पण काच त्याच्यासारखी कुणी घासत नाही. त्याला एकटा पाडू नकोस. आई गेल्यावर सांभाळलंस, तसंच सांभाळ.’

तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, मी पाच. सगळ्यांच्या आधी तू उठायचीस आणि मग घर उठायचं. ताई, मी चुकलो.

पत्र छापून सोबत ठेवलंय, एक अक्षर बदललेलं नाही. दुकानाची किल्लीही पाकिटात आहे. माझ्याकडे दुसरी नाही. रागवायचं तर इथे येऊन रागव. तू शटर उघडेपर्यंत मी बाहेर उभा राहीन.

तुझा,
काचा घासणारा धाकटा