फडक्याला लागलेला वास

आबा,

आज शाळेच्या प्रयोगशाळेत मुलींना तुळशीचं पान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पानावर बारीक केस असतात, आणि काहींच्या टोकाला थेंबासारखी गोल डोकी. तेल त्या डोक्यांत असतं. नुसतं बोट लागलं तरी ती फुटतात आणि वास सुटतो. एवढं सांगितलं आणि तुम्ही आठवलात. घरी येऊन हे लिहायला बसले.

नव्वदनंतरची ती वर्षं. आपण उधन्याला, कापडमिलच्या वस्तीत, एका खोलीत राहत होतो. तुम्ही मिलच्या रंगखात्यात, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी मला माळरानावरची रानतुळस हवी होती. उघड्या माळावरच्या झाडात तेल जास्त, त्याला ऊनही सोसायचं आणि जनावरांपासूनही वाचायचं, असं सर म्हणाले होते. तुम्हाला ते लगेच पटलं. लहानपणी तुम्ही चारायला न्यायचात त्यातली एकही बकरी त्या झाडाला तोंड लावत नसे. सुटीच्या दिवशी पॅसेंजरनं नंदुरबारकडे गावी गेलात आणि ओल्या गोणपाटात भारा बांधून आणलात.

मी कॉलेजातून येते तर खोली रानतुळशीच्या वासानं भरलेली. तुम्ही खाली बसून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसून परातीत मांडताय. कापड आधी स्वच्छ धुतल्याशिवाय रंग धरत नाही, हे तुमचं रोजचं काम. धुळीची पानं कॉलेजात कशी द्यायची? मी एक पान चोळून नाकाशी नेलं. वास जेमतेम. हसतच म्हणाले, "आबा, तेल सगळं फडक्यात गेलं."

तुम्ही फडकं नाकाला लावलंत. लांब श्वास घेतलात. थांबलात, परत घेतलात. मग त्याची घडी करून मांडीवर ठेवलीत.

"तुनी मायले सांगू नको," एवढंच म्हणालात.

मी सांगितलं, आबांना वासच येत नाही. तुम्ही मिलच्या पाळीला गेल्यावर, आई साडीला टिकल्या लावत बसली होती तेव्हा. तिनं सुई थांबवली नाही. "माले मालूम शे," म्हणाली. मागं एकदा स्टोव्हवर डाळ करपली आणि तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होतात. "तुमनं नाक मिलमा ऱ्हायी गयं का?" असं ती म्हणाली होती आणि आपण तिघंही हसलो होतो. तिला तेव्हाच समजलं होतं. मी म्हटलं, मग त्यांना ती मिल सोडायला सांग. तिनं दोरा तोडला आणि विचारलं, मग तुझं कॉलेज? तुम्ही जात राहिलात. रंगखात्यातल्या वाफांनी नाकानंतर छातीही गेली.

तिला ठाऊक नाही, असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत होतं. दवाखान्यात ती डबा घेऊन आली की तुम्ही माझ्याकडे बघून, सांगू नको, अशी मान हलवायचात, आणि मीही हलवायचे. ती डबा उघडून वरण तुमच्या नाकाशी धरायची, तुम्ही म्हणायचात, मस्त वास येतोय.

हा कागद कुठं ठेवावा कळत नाही. दारातल्या कुंडीत तुळस आहे. कधी कधी तिचं पान चुरगळते, नाकाशी धरते आणि श्वास रोखून तशीच उभी राहते. वास तुम्हाला जेवढा यायचा, तेवढाच.