वळ दिसत नाहीत

३ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

वि. वि. दवाखान्यात फोन करू नकोस म्हणालास, म्हणून पत्र. लेकीचा खोकला थांबला का? माझं ठीक आहे. कैद्यांना मदत करणाऱ्या आमच्या संस्थेच्या दोन खोल्यांत पंखा एकच, त्यामुळे भांडणांना तोटा नाही.

आता काम. तुमच्या गावच्या चौकीतल्या त्या गवंड्याला तूच तपासलंस. बांधकामावरची तार चोरीला गेली. कामावर पाच जण होते, उचललं फक्त ह्या एका काळ्याला. तीन दिवस कोठडीत मारलं. मी त्याला इथल्या तुरुंगात भेटले. परत त्या चौकीत गेलो तर जिवंत येणार नाही, असं तो म्हणाला. त्याला परत तिथे पाठवायचं का, हे १४ तारखेला न्यायाधीश ठरवणार आहेत.

तुमच्या तपासणीच्या कागदावर माणसाची आकृती छापलेली असते, पुढून आणि मागून. मार दिसेल तिथे फुली करायची. तुझ्या कागदावर एकही फुली नाही. खाली लिहिलंयस, वळ दिसत नाहीत. कागद दुरुस्त करून पाठव. लहानपणी तुझं अक्षर गचाळ होतं, पण कोरा कागद तू कधी दिला नव्हतास.

वाट बघते.
तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न.

वि. वि. खोकला थांबला. पंख्यावरून भांडू नकोस.

मी खोटं लिहिलेलं नाही. त्याच्या कातडीवर खरंच काही दिसत नव्हतं. रकान्यात वळाचा रंग विचारतात, लाल, निळा की पिवळा. काय लिहायचं? दारात हवालदार उभा, मागे बावीस जणांची रांग. मी नाकासमोर चालणारा माणूस आहे. घर सरकारी आहे, लेक आत्ता कुठे शाळेत रुळलीय. तू एकटी आहेस, तुला हे जमतं. मला ह्यात ओढू नकोस.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

बाबांचा पट्टा आठवतो? दोघांनाही सारखाच बसायचा. तू गोरा, तुझ्या पाठीवर लाल वळ उठायचे आणि आई तेलाची वाटी घेऊन धावायची. मी काळी. हिला फारसं लागलेलं नाही, असं ती म्हणायची. मला त्या पट्ट्यापेक्षा तेच जास्त लागायचं. तू तेव्हा सात वर्षांचा होतास. एकदा तूच तिचा हात ओढून माझ्या पाठीवर ठेवलास आणि सांगितलंस की हात लावून बघ, गरम लागतंय. त्या दिवसापासून मलाही तेल मिळालं.

एवढंच विचारते. गवंड्याला हात लावून बघितलंस का?

टपालाला दोन दिवस लागतात. बाराला टाकलंस तरी पोचेल.

ताई

१५ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र बाराला मिळालं. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

हात लावला होता, ताई. पाठ तापलेली होती, खांद्याखाली टरारून सुजलेली. दाबलं तेव्हा त्याने अंग आकसून घेतलं. मला सगळं कळलं होतं. मी हात धुतले आणि लिहिलं, वळ दिसत नाहीत. माझी मलाच लाज वाटते.

सोबत नवा कागद आहे, सही-शिक्क्यासकट. एकोणीस फुल्या आहेत. नोकरी गेली तर जाऊ दे. चौदा तारीख उलटली हे माहीत आहे, पण तारखा नेहमी पुढे ढकलतात ना? तसं झालं असेल तर लगेच कळव.

तुझा धाकटा

१७ मार्च

धाकट्या,

तारीख पुढे गेली नाही. चौदालाच अर्ध्या तासात निकाल झाला. न्यायाधीशांनी तुझं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं आणि त्याला चौकीच्या ताब्यात दिलं.

तुझं पत्र आज सकाळी आलं. दुपारी चौकीतून निरोप आला की गवंडी जिन्यावरून पडून वारला. तुमच्या त्या बैठ्या चौकीत जिना कुठे आहे, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला. त्याची बायको इथेच बाकावर बसली आहे. कुठे कुठे लागलं होतं, असं विचारते. तुझा कागद माझ्या टेबलावर आहे, पण तिला दाखवायचा मला धीर होत नाही.

हे पत्र टपालाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून तिच्या भावाच्या हाती देते. तुमच्याकडे सरकारी डॉक्टर तू एकटाच, तेव्हा उद्या त्याला तुझ्याच टेबलावर आणतील. दारात तोच हवालदार असेल.

पाठ आता गरम लागणार नाही. तरी हात लावून बघ.

ताई