हवालदारावरच्या तीन तक्रारी

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू, वहिनी आणि पोरांनी सारखे वाटून घ्या. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय तर चढू नकोस. (पण मनाई केली की तू तेच करणार, हे मला तुझ्या दुधाच्या दातांपासून ठाऊक आहे.) इकडे आम्ही बरे आहोत. घरात तिघं होतो ते दोघं उरलो, एवढंच कळवायला पत्र घेतलंय.

आपला हवालदार गेला. (कोंबडा हो वहिनी, घाबरू नका. छाती काढून अंगणात गस्त घालायचा म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं होतं.) गुरुवारी दुपारी गेला, माझ्या शिलाई मशीनखालीच, चिंध्यांच्या टोपलीत. मी शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्यांना नाड्या ओवत होते. पायाशी चाललेली खुडबुड थांबली. म्हटलं, डोळा लागला असेल. आणखी दोन चड्ड्या झाल्यावर वाकून पाहिलं. नऊ वर्षं ज्यानं मला कधी सुखानं झोपू दिलं नाही, तो असा न सांगता झोपला. त्या दोन चड्ड्या शाळेत गेल्या, पण माझ्या मनातून जात नाहीत.

ह्यांनी लिंबाखाली खड्डा खणायला घेतला आणि पहिल्याच घावात पाण्याचा पाइप फोडला. अंगणात तळं झालं. मी टोपली मांडीवर घेऊन पायरीवर रडतेय, हे पाइपावर अंगठा दाबून उभे, आणि नळदुरुस्तीवाला येईपर्यंत दोघांनाही जागचं हलता येईना. शेवटी त्यानंच पाइप जोडला, त्यानंच खड्डा खणला आणि जाताना आमच्याहून जास्त रडला. (त्याच्या सदऱ्याचं बटण एकदा हवालदारानं गिळलं होतं. ओळख होती.)

पुढचे तीन दिवस गल्ली सुनीसुनी. बेकरीवाल्याची भट्टी उशिरा पेटली आणि लोक शिळ्या पावावर आले. मी मात्र पहाटे उठून खिडकीशी उभी राहायची आणि काही नाही म्हणून परत आडवी व्हायची. चौथ्या दिवशी दारात कोण उभं? समोरचा घड्याळजी! याच गृहस्थानं हवालदाराविरुद्ध पालिकेत एकदा नाही, तीनदा अर्ज ठोकले होते. तिसऱ्या अर्जापासून सहा वर्षं आमचा अबोला. माझं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर मी ते बसनं चार थांबे लांब नेऊन दुरुस्त करून आणत असे, पण याच्या दुकानाची पायरी चढत नसे. तर तो उभा. हात रिकामे होते म्हणून ते कुठे ठेवावेत, हे त्याला कळेना.

"बाई," तो म्हणाला, "पावणेपाचला जाग येते. मग वाट बघत पडून राहतो."

मी दार पुरतं उघडलं. बोलले असते तर रडले असते.

"ते तीन अर्ज परत घेता येतील का हो?"

त्याच क्षणी मी ठरवलं. समाधी नको, तसबीर नको. हवालदाराच्या नावावरचा डाग पुसायचा. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं पालिकेत हजर. खिडकीतल्या कारकुनाला सांगितलं, "दिवंगत हवालदारांवरच्या तक्रारी मागे घ्यायच्या आहेत." तो बिचारा उभाच राहिला. "ड्युटीवर असताना गेले का?" मी म्हटलं, "ड्युटी पहाटे संपली होती, गेले दुपारी." त्यानं आदरानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आम्ही नेलेल्या नव्या अर्जात 'आरवणे' हा शब्द सापडला आणि खुर्ची परत घेतली. म्हणे, तक्रार मागे घेण्याचा नमुनाच नाही. मी म्हटलं, नमुना छापून येईपर्यंत बसते.

आणि बसले. तीन दिवस बाकावर बसून मी अकरा गणवेशांच्या कडा दुमडून टीप घातली. घड्याळजी शेजारी बसून कचेरीचं घड्याळ बघत होता आणि ते सात मिनिटं मागे असल्याचं दर अर्ध्या तासानं सांगत होता. दुसऱ्या दिवशी शिपायाचं बटण लावून दिलं, मग कारकुनाची फाटकी कॉलर उलटवून दिली. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या कोटाचं अस्तर शिवत असताना फाइल आपोआप सापडली. तिन्ही लिफाफे जसेच्या तसे चिकटवलेले, कुणी उघडलेच नव्हते! साहेबांनी पहिला फोडून मोठ्यानं वाचला. "सदर कोंबडा प्रामाणिक असला तरी तीन मिनिटे पुढे आहे, तरी तो घड्याळाशी मिळवून द्यावा." घड्याळजीचे कान लाल झाले. साहेब हसले नाहीत, आणि म्हणून मी अस्तर नीट शिवलं. त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या अर्जावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'तक्रारदाराची तक्रार उरलेली नाही', आणि शिक्का मारला.

ते दोन्ही कागद चौकटीत घालून मशीनच्या वर लावलेत. खिळा घड्याळजीनंच ठोकला. जाताना मी त्याला घड्याळ दुरुस्तीला दिलं. बंद नव्हतं ते, पण दिलं.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
ताई

ता. क. दुसरा अर्ज तेवढा अडकलाय. त्यावर चार सह्या आहेत, आणि चौघांनी लेखी दिल्याशिवाय साहेब शिक्का मारत नाहीत. पहिली घड्याळजीची, दुसरी बेकरीवाल्याची. तिसरी तुझी. तू सात वर्षांपूर्वी महिनाभर राहायला आला होतास, माझ्या हातचं जेवत होतास, आणि सकाळी गोड चेहऱ्यानं हवालदाराला दाणे घालत होतास! सोबत मजकूर लिहून पाठवलाय. फक्त सही कर आणि उलट टपाली पाठव. कारण विचारत नाही.

आणखी एक. चौथी सही कोणाची, हे ह्यांना कळवू नकोस. गणवेशांचा हंगाम होता रे, चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि घड्याळजीनं पेन पुढे केलं. माझं पत्र मी सगळ्यांच्या आधी दिलंय.