बॉनेटवरचा पोचा

अहो,

तुमचं वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला नाही, तोच काल भर मैदानात तुमची गाडी नकली ठरवली गेली. ठरवली कोणी? तुमच्या जिवलग गोपाळरावांनी! हे तुमच्या कानावर घातल्याशिवाय घास घशाखाली उतरेना, म्हणून लिहायला बसले आहे.

हिमायतनगरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. निरंजन म्हणाला, "आई, बाबांची गाडी नेऊ." नेली. तुमची ती हिरवी, दोन सीटची विलायती स्पोर्ट्सकार, पुढे तुमच्या नावाची पाटी. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

परीक्षक म्हणून गोपाळराव. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुमाल, खिशात चुंबक! जन्मभर तुमच्या शेजारी बसून काचीगुडा ते कोठी हवा खाल्ली, तेवढीच यांची विद्या. चुंबक बॉनेटला लावलं, घसरलं. दाराला लावलं, घसरलं. "वहिनी, चिकटायलं नाही बघा. सरासर फायबर आहे. वकीलसाहेबांनी आम्हा सगळ्यांना बनवलं की हो!" आणि तुमच्या नावाखाली 'नक्कल' असा कागद लावायला निघाले. कोर्टात कधी खोटा साक्षीदार उभा न केलेल्या माणसाच्या नावाखाली!

तुमचा लेक? मान खाली. "आई, चूप ऱ्हा, लोक बघायलेत." बापाला चारचौघांत लबाड म्हणतात आणि याला लोकांची पडली आहे. तुमच्यावर नाही गेला तो.

"तुला काय कळतं गाडीतलं?" हे मला किती वेळा ऐकवलंत? आणि तरी चाळीस वर्षं, मी भाजी चिरत असताना, मलाच सगळं सांगत बसायचात. दुसरं ऐकणार कोण होतं! मडगार्डं लोखंडाची, बॉनेट आणि दारं अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून वजन कमी. दारांना बाहेरून मुठी नाहीत. ऐकून ऐकून पाठ झालं होतं मला.

"द्या ते इकडे," म्हणून मी चुंबक घेतलं आणि मडगार्डला लावलं. टक्कन चिकटलं. तर म्हणतात, "मडगार्ड दुसऱ्या गाडीचं बसवलं असेल." ही यांची परीक्षा! अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे स्वयंपाकघरातल्या पातेल्यालाही ठाऊक असतं.

मग मी त्यांना पोचा दाखवला. आठवतोय ना? तुम्ही कसले विसरता! लग्नानंतरचा पहिला दसरा, गाडीची पूजा. ओवाळून झालं आणि माझ्या हातून नारळ निसटला, तो थेट बॉनेटवर. वाटीएवढा खोलगट पोचा. त्यानंतर कित्येक दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जेवताना मीठ लागलं तर सासूबाईंना सांगायचात! नवी नवरी मी, आणि सवत कोण, तर एक मोटार. अजून राग येतो मला.

पण पोचा काही काढून घेतला नाहीत. दर दसऱ्याला कुंकवाचं बोट बरोबर त्यावर टेकवायचात आणि मिशीत हसत माझ्याकडे बघायचात.

"गोपाळराव," मी म्हटलं, "फायबरवर नारळ पडला तर तडा जातो. असा गोल पोचा पत्र्यालाच पडतो. पटत नसेल तर तुमच्या गाडीकडे चला."

त्यांनी स्वतः प्रदर्शनाला आणलेली लाल गाडी शेजारीच होती. आपल्यासारखीच, आणि दारांना बाहेरून चकचकीत मुठी! आपल्या दाराला हात आत घालून दोरी ओढावी लागते. त्या दोरीपायी माझ्या किती बांगड्या फुटल्या, याचा हिशेब तुम्ही कधी विचारला नाहीत. बॉनेटशेजारच्या हवेच्या जाळ्यांत मी बोट घातलं, तर मागे भोकच नाही. नुसता देखावा. दिव्याभोवती रंगाला केसासारखे तडे गेलेले, फायबरवर जातात तसे. शेवटी चुंबक त्यांच्या मडगार्डला लावलं. ते गवतात पडलं.

"अम्मा सच्ची बोल रई भाई!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. गोपाळराव पुटपुटले, "वहिनी, घेताना मला तसं सांगितलं नव्हतं हो." दुसऱ्यांच्या गाड्या चुंबकाने तपासत हिंडणाऱ्या या माणसाने स्वतःच्या गाडीला ते एकदाही लावलं नव्हतं! कीव यायला हवी होती. नाही आली. तो 'नक्कल'चा कागद त्यांच्या हातातच होता, पुढे कुठे लावला कोण जाणे.

घरी आल्यावर निरंजनला कंठ फुटला. "आई, गाडी अस्सल आहे, तर आता तेवढा पोचा काढून घेऊ. नवी दिसेल." असं झापलं त्याला! मैदानात तोंडाला कुलूप, आणि घरात शहाणपणा.

तुम्हाला शब्द देते. मी आहे तोवर त्या पोच्याला कोणी हातोडी लावणार नाही. येत्या दसऱ्याला पूजा मीच करीन. नारळ लांब, दगडावर फोडीन. आणि कुंकवाचं बोट त्या पोच्यावर मीच टेकवीन. विधवेच्या हाताला ते शोभतं का, असं कोणी विचारलंच तर त्याला गोपाळरावांच्या शेजारी बसवीन.

तेव्हा निदान नारळ तरी पडला होता, म्हणून अबोला धरलात. या खेपेला मी काय केलं होतं हो? वर्ष झालं. आता पुरे करा.

गाडीतलं काही न कळणारी,
तुमची नलिनी