छाती दीड इंचाने वाढते, त्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की कंबर धरते, म्हणून मनातल्या मनात वाकलो.) तुझा गुडघा आणि भाऊजींचा राग, दोन्ही कसे आहेत? पहिल्याला शेक, दुसऱ्याला मौन, एवढंच औषध.

माझं शिवणकाम बरं चाललंय, पण एक घोळ झाला. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भाच्यासाठी सुपरहिरोची लाल केप शिवायला टाकली. लांबी बावीस इंच. मी कापली बावन्न. (वहीत मीच बावीस लिहिलं होतं, वाचताना बावन्न झालं.) बाईंना दुसरी शिवून दिली आणि ही आरशाशेजारी खुंटीवर लटकली.

तेव्हापासून दुकानाची धर्मशाळा झाली आहे. पँटची लांबी कमी करायला आलेला पोस्टातला कारकून "सहज बघतो हं" म्हणत ती पाठीवर टाकतो आणि आरशापुढून हलत नाही. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग चिडीचूप व्हायचा, ते रिटायर्ड हेडमास्तर आधी दार लावायला सांगतात. मी थट्टा करणार होतो, पण सवयीने टेप लावली आणि आकडा पुन्हा वाचला. ताई, केप चढवली की प्रत्येकाची छाती दीड इंचाने वाढते! आता शर्टाची मापं घ्यायची तरी कशी?

माझ्या गिऱ्हाइकांत मानसशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. ते म्हणाले, माणसाला स्वतःत दडलेलं बळ बघायचं असतं, म्हणून सुपरहिरो आवडतात. (हे सांगताना केप त्यांच्याच अंगावर होती.) माणूस विद्वान, पण मला अर्धंच पटलं. बळ तर क्रेनमध्येही असतं, तिचा फोटो कोण भिंतीला लावतो? माणूस भुलतो ते हाक मारल्यावर कुणीतरी येतं, याला. लहानपणी मी पाण्याच्या टाकीवर चढून अडकलो, तेव्हा तू न्हाणीतून तशीच धावत आलीस. केस निथळत होते, खांद्यावर टॉवेलची गाठ. शिडीची तुला भीती, तरी चढलीस. खाली आणून दोन मुस्कटात दिल्यास. तेवढं सोडलं, तर तुझ्यासारखं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

बाकी सगळं क्षेम. काळजीचं काही नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. सोबत घरचं कुणीतरी हवं म्हणतात.

ता.क. २ : केप मीही घालून पाहिली. टेप तीनदा लावली. छाती होती तेवढीच.

ता.क. ३ : मी मुळीच घाबरलेलो नाही. टाकीवरही नव्हतो. बुधवारीच ये.