पूजेआधीचा चहा

१४ मार्च २००२, गिरीज
सकाळी चहा घेऊन वाडीत गेलो. नारळाखालचं झुडूप एका रात्रीत पांढरं झालेलं. वडिलांनी लावलेलं, नाव कोणालाच ठाऊक नाही. वर्षातून दोन-तीन दिवस फुलतं, वास जाईसारखा. तबकभर काढून देवाला वाहिली, नेहमीसारखी.
दुपारी लेकीची, ज्योतीची मैत्रीण रेजिना आली, गास गावची. दोघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वनस्पतिशास्त्र. झुडूप बघून ओरडलीच, "काका, ही तर कॉफी!"
लेक म्हणते, "आणि मी वेडी दुकानातून पुड्या आणते!"
म्हणजे बुलबुल खातात ती लाल फळं... इतकी वर्षं देवाला कॉफी वाहत होतो. हसला असेल.

१७ मार्च
दोघींचा कॉलेजचा प्रकल्प. मुलं चहा-कॉफी किती पितात, त्याने काय होतं असं त्यांना वाटतं. ओटीवर उत्तरं वाचत होत्या, मी भाजीच्या जुड्या बांधत ऐकत होतो.
एक म्हणतो, कॉफीशिवाय पुस्तक उघडतच नाही. विरारचा एक: "पेपर मी देत नाय, कॉफी देते." एकीला कॉफीनंतर उगाच रडू येतं, तरी सोडत नाही. आणि बहुतेकांचं मत, त्रास होतो तो दुसऱ्यांना.
रेजिना म्हणाली, किडीने खाऊ नये म्हणून झाड बियांत कॅफीन नावाचं कडू द्रव्य साठवतं. "आपल्याशी त्याचं काही देणंघेणं नाही, काका."
किडीसाठी केलेली तजवीज, आणि थोराड पोरं तिच्या तालावर. केवढंसं बी! संध्याकाळभर दुसरं काही सुचलं नाही.

२१ मार्च
ज्योती लिहीत होती, शेजारी कॉफीचा कप. छातीत धडधडतं म्हणाली, पण पेपर होईपर्यंत चालायचंच. झोप नाही, जेवण नाही. तिच्या आईने, मंदाने मला डोळ्यांनी खुणावलं, बोला.
"ज्योती, कॉफी बंद कर."
"आणि तुमचा पूजेआधीचा चहा?"
"तो चहा आहे."
"बाबा, द्रव्य एकच आहे."
आमच्यात पूजा उपाशीपोटी. पण चहा खाण्यात धरत नाहीत, एकादशीलाही चालतो. वडिलांचंही तसंच.
"कोणी ठरवलं हे? देवाने?"
मंदा पदराआड हसली.

२५ मार्च, एकादशी
चहा न घेता पूजेला बसलो. कपाळ ठणकायला लागलं. रामरक्षा लहानपणापासून पाठ, अर्ध्यात शब्दच गेले. कसे गेले, कुठे गेले. उठलो, चहा घेतला, परत बसलो. घडाघडा आली.
मग हात जोडायचं धैर्य होईना. इतकी वर्षं देवापुढे कोण बसत होतं? मी, की...

२ एप्रिल
रोज रात्री ठरवतो, रोज सकाळी कप उचलतो. ज्यो. नुसती बघते. तिला सांगायला तोंड राहिलं नाही.

१० एप्रिल
पेपर सोमवारपासून. आज उभ्या उभ्या तिला भोवळ आली, भिंत धरली. परीक्षेच्या खोलीत असं झालं तर? मंदा रडली. ज्यो. उलट तिलाच समजावते, "आई, बिनकॉफीची गेले तर सगळं विसरेन."
रामरक्षेत माझं तेच झालं होतं. तिला खोटं कसं म्हणू.

१५ एप्रिल
पहिला पेपर. अंघोळ करून सरळ देवापुढे. डोकं फुटायची वेळ. रामरक्षा अडली, पहिल्यापासून धरली. पुन्हा अडली, पुन्हा धरली. हळूहळू, एकेक शब्द, पोरगं पाढे म्हणतं तशी. बाहेर खंड्या ओरडत होता. एवढ्या वर्षांत या वेळी तो ओरडतो हे कधी ऐकलंच नव्हतं. समोर कोणी तरी आहे आणि थांबलं आहे, असं वाटलं. याहून जास्त लिहिता येत नाही.
वळलो तर दारात ज्यो., हातात दोन कप. केव्हापासून उभी होती कोण जाणे.
"बाबा, आज आधी पूजा?"
"हो."
प्रसाद घेतला, पाया पडली, गेली.
तिचा कॉफीचा कप ओट्यावर, बशीने झाकलेला. भरलेलाच. विसरली की ठेवला? मंदा म्हणाली, "ओतून टाकू?" म्हटलं, राहू दे, येईल तेव्हा तिचं ती बघेल.
माझा चहा गार झाला होता. मग तो घेतला. पूजा झाल्यावर.